काटा हलवा

गेल्या संक्रांतीला आमच्या घरांत एक लहानशी क्रांति झाली. क्रांति म्हटली म्हणजे तींत कोणाचें तरी सिंहासन जावयाचेंच. या क्रांतींत माझें गेलें. खाद्यपदार्थांविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याचें जें आसन मीं स्वतःच्याच हातांनीं मांडून घेतलें होतें, त्यावरून मला खालीं उतरावें लागलें. आणि तेंही सुपारीएवढ्या एका तिळाच्या लाडवामुळें. लाडू अगदींच साधा नव्हता, हें खरें. त्याच्या अंगावर चॉकलेटचा झगा होता.

चॉकलेटशीं माझें वैर नाहीं. वैर होतें तें सोपेपणाशीं. ‘सोपें पक्वान्न’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं ऐकले कीं माझ्या कपाळाला आठी पडे. पदार्थाची गोडी त्यांत घातलेल्या साखरेवर नव्हे, तर तो करतांना गाळलेल्या घामावर अवलंबून असते, असा माझा एक सिद्धांत होता. पुरण पाट्यावरच वाटलेलें असावें, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजलेले असावे, चकलीची भाजणी घरच्या जात्यावरून आलेली असावी! हा सिद्धांत मी पंगतींत बसून पुष्कळदां मांडीत असें, आणि मांडतांना एक गोष्ट सोईस्करपणें विसरत असें. ती ही कीं, तो घाम माझा नसे.

निमित्त झालें भाचीच्या मुलाच्या बोरन्हाणाचें. मुलगा तीन वर्षांचा. त्याची पणजी, म्हणजे माझी आई, आमच्याकडे असते. तेव्हां समारंभ आमच्याच घरीं करावयाचा ठरला. काळाचौकीला ज्या चाळींत आम्ही लहानाचे मोठे झालों, ती पाडून त्याच जागीं आतां उंच इमारत उभी राहिली आहे; तींत अकराव्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड. बोरें, उंसाचे करवे, चुरमुरे यांची यादी झाली. हलव्याचें नांव निघतांच कन्या म्हणाली, “हलवा दुकानांतून आणूं. आणि यंदा लाडवांना आपण चॉकलेट लावूं. अगदीं सोपं आहे, बाबा.”

एवढें पुरे झालें. मीं हलव्यावर व्याख्यान सुरू केलें. विषय माझ्या आवडीचा आणि श्रोते घरचेच असल्यामुळें उठून जाण्याची त्यांना सोय नव्हती. आई खिडकीपाशीं खुर्चींत बसून ऐकत होती. माझें बोलणें संपल्यावर ती शांतपणें म्हणाली, “इतकं सगळं ठाऊक आहे होय तुला? बसला होतास रे कधीं परातीपाशीं?”

तिच्या स्वरांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. रागाला उत्तर देतां येतें.

आईचें लहानपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें. तेथें शेजारच्या एका वृद्ध बाईंजवळ ती काटेरी हलवा शिकली आणि ही विद्या पदरीं बांधूनच लग्नानंतर काळाचौकीला आली. ज्यांनीं हलवा केवळ चांदीच्या वाटींत पाहिला आहे, त्यांना त्याच्या जन्माची कल्पना यावयाची नाहीं. शेगडींत निखारे, त्यांवर राखेचा पातळ थर, वर पितळी परात. परातींत मूठभर तीळ किंवा खसखस. शेजारीं दूध घालून मळी काढलेला, गाळून घेतलेला पातळ पाक. त्यांतले चार थेंब तिळांवर सोडावयाचे आणि लगेच बोटांनीं तीळ फिरवीत राहावयाचें. पाक अंगावर सुकला कीं पुन्हां चार थेंब. पाक अधिक पडला तर तिळांचे गड्डे होतात. निखारा फुलला तर साखर पिवळी पडते. बोटें थांबलीं तर काटा येत नाहीं. हें काम एका दिवसांत आटपत नाहीं. तीन-चार दिवस थरावर थर चढतात, तेव्हां कोठें त्या एवढ्याशा तिळाच्या अंगावर पांढरे काटे दिसूं लागतात. थंडी जितकी अधिक, तितका काटा चांगला. म्हणून मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरांत हलव्याला वेळ पहाटेचीच.

ही कला आपलीच मक्तेदारी आहे असें मात्र नव्हे. युरोपांतही बडीशेप, धने अशा दाण्यांवर तव्यांत पाकाचे थर चढवून खाऊ करण्याची रीत शेंकडों वर्षें चालत होती. तेथल्या हलवायांचीही बोटें पोळत असतील. पुढें यंत्रें आलीं, फिरतीं भांडीं आलीं आणि त्यांच्या बोटांची सुटका झाली. आमच्या आईच्या बोटांची सुटका व्हावयास फार काळ लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील एका गिरणीच्या साचेखात्यांत होते. मी तेव्हां दहा वर्षांचा. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते आणि घरांत डब्यांत हलवा शिल्लक होता. डबा संपण्याच्या आंत भोंगा पुन्हां वाजूं लागेल, असें आम्हां भावंडांना वाटलें. डबा संपला; संप संपला नाहीं. तो रीतसर मागें घेतल्याचें कोणीं कधीं जाहीरच केलें नाहीं. वडिलांचा साचा कायमचा थांबला.

पुढच्या हिवाळ्यांत आईनें आपली गिरगांवची विद्या बाजारांत आणली. दादरच्या एका दुकानासाठीं ती हलवा आणि हलव्याचे दागिने करूं लागली. बायकांच्या हातच्या अन्नावर संसार चालणें गिरणगांवाला नवीन नव्हतें. कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालींच अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली होती. परंतु आईचें मंडळ एकटीचेंच होतें. पहाटे चारला ती गॅलरींत शेगडी पेटवी. नळाला पाणी येण्यापूर्वीं तिला दोन तास मिळत. खोलींत गोधडी पांघरून आम्ही दोघें भावंडें परातीवर फिरणाऱ्या बोटांचा बारीक खसखस आवाज ऐकत पडलेलों असूं. त्या आवाजानें मला पुन्हां गाढ झोंप लागे.

तो हलवा तोलून द्यावयाचा असे. त्याला हात लावावयाचा नाहीं, हें आम्हांला न सांगतां समजलें होतें. आमच्या वांट्याला तळाचा चुरा येई. आईच्या वांट्याला काय येत असे, हा प्रश्न मला त्या वयांत पडला नाहीं. पुढें वय वाढलें, नोकरी लागली, पंगतींत बसून बोलण्याइतकी प्रतिष्ठाही आली. पण तो प्रश्न तेव्हांही पडला नाहीं. मी तिच्या श्रमांचें कौतुक करूं लागलों आणि कौतुक केलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी माझी समजूत झाली.

आईला आतां शहात्तरावें वर्ष आहे. दोनएक वर्षांपासून तिच्या हातांना कंप सुटला आहे. त्याच्या आदल्या दिवाळींत दुधाचें पातेलें तिच्या हातून निसटलें. कोणाला भाजलें नाहीं, कोणी कांहीं बोललें नाहीं. पण त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं थांबूं लागली. “मला काय येतंय आतां?” एवढेंच म्हणे आणि खिडकीपाशीं जाऊन बसे. आम्हीही, तिला विश्रांति मिळते आहे, असें म्हणून स्वतःचें समाधान करून घेतलें.

असो. माझें व्याख्यान फुकट गेलें आणि लाडवांना चॉकलेट लावावयाचें ठरलें.

चॉकलेटचा इतिहास मोठा मौजेचा आहे. मेक्सिकोकडील लोक कोकोच्या बियांचें कडू पेय पीत असत. त्या बियांतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याची युक्ति १८२८ सालीं हॉलंडमध्यें व्हान हाउटन यांनीं साधली. तो स्निग्धांश पुन्हां मिसळून चावून खाण्याजोगी वडी ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनीं १८४७ सालीं केली. आणि तींत दूध घालण्याचें श्रेय स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरला, १८७५ सालचें, दिलें जातें. कॅडबरी कंपनीनें मुंबईंत आपलें बस्तान मांडलें तें १९४८ सालीं. पण तेथून काळाचौकीच्या आमच्या खोलीपर्यंत यावयास तिच्या वडीला आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. आमच्या वाढदिवसाला शाळेंत वांटल्या जात त्या रावळगांवच्या गोळ्या. आज मात्र गणपतीच्या दिवसांत लालबागच्या दुकानांतून चॉकलेटचे मोदक मांडलेले दिसतात, आणि चिवडा गल्लीच्या शेजारीं राहणाऱ्या मुलांना त्यांत कांहीं नवल वाटत नाहीं.

कन्येनें क्रॉफर्ड मार्केटांतून दोन लाद्या आणल्या होत्या. ती विज्ञानशाखेची विद्यार्थिनी असल्यामुळें लाद्यांबरोबर थोडें ज्ञानही घरांत आलें. अस्सल चॉकलेटमधील कोकोचें लोणी सुमारें ३४ अंशांवर वितळतें, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या किंचित् खालीं. म्हणूनच तें जिभेवर ठेवतांच विरघळतें. पण त्याचा स्वभाव मोठा मानी. वितळवून, थंड करून, पुन्हां बेताचें ऊन करून त्याची मर्जी राखली नाहीं तर तें नीट घट्ट होत नाहीं आणि त्याची चकाकी जाते. दुसरा प्रकार ‘कंपाउंड’ या नांवानें मिळतो. त्यांत कोकोच्या लोण्याऐवजीं दुसरें वनस्पति-तेल असतें. तें वितळवावें आणि वापरावें, मग आपोआप बसतें. चवींत तें थोडें उणें खरें. पण घरच्या खटाटोपाला तें बरें. आमच्या लाद्या या दुसऱ्या जातीच्या होत्या.

कृति अशी : पातेल्यांत दोन बोटें पाणी उकळावें आणि गॅस बंद करावा. त्यावर अगदीं कोरडें भांडें असें बसवावें कीं त्याचा तळ पाण्याला लागूं नये. त्यांत पाव किलो चॉकलेटचे तुकडे घालून वाफेच्या उबेवर ते वितळूं द्यावे. मग लाडू बुडवावे, काढावे, कागदावर ठेवावे. पाव किलोंत सुपारीएवढे पंचवीस-तीस लाडू सहज होतात. तिळाच्या लाडवांबरोबर आम्हीं बिया काढून भाजलेला शेंगदाणा भरलेले खजूरही घेतले होते.

एवढ्या सोप्या कृतींत चूक करावयास माणूस विद्वानच लागतो. भात झांकल्यानें लवकर शिजतो, तर चॉकलेटही झांकल्यानें लवकर वितळेल, असा विचार करून मीं भांड्यावर झांकण ठेवलें. थोड्या वेळानें उचललें तेव्हां त्याच्या आंतल्या बाजूला जमलेलें पाणी टपटप चॉकलेटांत पडलें. पाहतां पाहतां त्या गुळगुळीत रसाचा चिखलासारखा रवाळ गोळा झाला. पुढें कळलें तें असें कीं, चॉकलेटमधील साखरेचे आणि कोकोचे कण स्निग्धांशांत कोरडेच असतात. पाण्याचे दोन थेंब मिळाले कीं ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्या वेळीं मात्र कन्या माझ्याकडे पाहत होती आणि मी झांकणाकडे.

“काय झालं ग?” आई उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली. भांड्यांत डोकावून म्हणाली, “पाक बसला वाटतं. पाक बसला कीं पाणी घालून पुन्हां सैल करायचा. घाला चार चमचे कढत दूध.”

कन्येनें भीत भीत दूध घातलें, आणि काय आश्चर्य! गोळा सुटला, पुन्हां चकाकूं लागला. आईच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनीं जाणकाराचें समाधान दिसलें. पण साखरेचा आणि चॉकलेटचा कायदा अर्ध्या वाटेपर्यंतच एक आहे. तें सैल झालेलें चॉकलेट आतां कांहीं केल्या लाडवावर सुकेना. शेवटीं आणखी दूध घालून आम्हीं तें त्या तीन वर्षांच्या पाहुण्याच्या स्वाधीन केलें. त्यानें आपल्या मिशांसह त्याचा निकाल लावला.

परंतु एक गोष्ट झाली होती. आई उंबऱ्याच्या आंत आली होती, आणि ती परत गेली नाहीं.

दुसरी लादी वितळली. झांकणें सगळीं फळीवर ठेवण्यांत आलीं. आईनें चमच्याच्या टोंकानें एक थेंब घेऊन खालच्या ओठाला लावला. “अजून कढत आहे. थांबा जरा.” लहान मुलाचें दूध पाजण्यापूर्वीं जशी ऊब पाहतात, तशीच ही परीक्षा, चॉकलेटचे पाश्चात्त्य कारागीरही ओठ लावून ऊब पाहत असत, असें नंतर कन्येनें सांगितलें. दुसऱ्या थेंबाला आईनें मान हलविली आणि कन्या मोठ्यानें कृति वाचूं लागली : “लाडू काट्यावर घेऊन चॉकलेटमध्यें बुडवा. वर काढून, जास्तीचं चॉकलेट निथळण्यासाठीं, काटा हलवा.”

“काय म्हणालीस?”

“काटा हलवा, आजी.”

आई हंसूं लागली. डोळ्यांना पदर लावण्याइतकी हंसली. “अग, जन्मभर दुसरं काय केलं मीं? दे इकडे.”

तिनें काटा हातांत घेतला. लाडू बुडविला, वर काढला. हात थरथरत होता. आम्ही सगळे श्वास रोखून त्या हाताकडे पाहत होतों. आणि त्या थरथरीनें काट्याच्या दांत्यांमधून जास्तीचें चॉकलेट एकसारखें, बारीक धारेनें भांड्यांत निथळत होतें. तिचा लाडू कागदावर आला तो पातळ, नितळ, गोंडस. माझ्या लाडवांखालीं चॉकलेटचीं थारोळीं सांचलीं होतीं, पत्नीचे जरा बरे होते, कन्येचे मध्यम. आईचे सगळ्यांत सरस. “पाहा,” ती म्हणाली, “देवानं हात हलायलाच दिलाय!”

मग तासभर आमच्या त्या लहानशा स्वयंपाकघरांत पांच माणसें होतीं. पत्नी लाडू वळीत होती, मी खजुरांच्या बिया काढीत होतों, कन्या कागद पसरीत होती, पाहुणा वरून तीळ टाकण्याच्या कामावर होता आणि लाडवांइतकेच ते जमिनीलाही लावीत होता. आई बुडवीत होती. पूर्वीच्या संवयीनें ती लाडू पांच-पांचांच्या ओळींत मांडीत होती. पंचविसावर येऊन थांबली आणि विचारती झाली, “किती द्यायचे आहेत?”

“कोणाला?” कन्येला समजेना.

मला समजलें. दादरचा दुकानदार कधींच काळाआड झाला होता. पण तिच्या बोटांच्या हिशेबांत तो अजून दाराशीं उभा होता.

“कोणाला द्यायचे नाहींत, आजी. आपलेच आहेत. तुम्हींच पहिला घ्या.”

आईनें एक लाडू उचलला. अजून पुरता सुकला नव्हता. तिच्या बोटांना चॉकलेट लागलें. तो तिनें खाल्ला आणि मग बोटें चाटलीं. करतां करतां स्वतःच्या हातचा गोड घांस खातांना मीं तिला आयुष्यांत प्रथमच पाहिलें.

मी माझा सिद्धांत सर्वस्वीं सोडलेला नाहीं. चॉकलेटमध्यें बुडविलेला लाडू आणि काटेरी हलवा यांना एका पारड्यांत घालण्याचा अविवेक माझ्या हातून होणार नाहीं. हलवा ही मोठी कला आहे. पण अवघड कामापाशीं बहुधा एकच माणूस बसतें. बाकीचे दुरून वाहवा करतात, किंवा गोधडींत झोंपतात. सोप्या कामापाशीं मात्र जागा पुष्कळ असते. तेथें म्हाताऱ्याला बसतां येतें, पोराला बसतां येतें, माझ्यासारख्या निरुपयोगी विद्वानालाही बिया काढण्यापुरता पाट मिळतो. हें मला चोपन्नाव्या वर्षीं समजलें. समजावयास इतका उशीर लागला, याला चॉकलेटचा इलाज नाहीं.

बोरन्हाण थाटांत पार पडलें. डोक्यावरून पडलेल्या राशींतून पोरांनीं नेमके चॉकलेटचे लाडू वेंचले. दुकानचा हलवा सतरंजीच्या घड्यांतून दोन दिवस निघत होता.

त्या रात्रीं मीं आईला म्हटलें, “मला हलवा शिकव.”

“माझ्या हातानं आतां नाहीं व्हायचा.”

“हात माझे. नजर तुझी.”

तिनें माझ्याकडे क्षणभर पाहिलें. “चारला उठावं लागेल.”

जानेवारीची थंडी जेमतेम उरली होती. तीन पहाटे आम्ही दोघें बसलों : गॅसची बारीक ज्योत, तिच्यावर तवा, तव्यावर ती जुनी पितळी परात. पहिल्या दिवशीं तिळांचे गड्डे झाले. दुसऱ्या दिवशीं साखर पिवळी पडली. तिसऱ्या दिवशीं मूठभर तिळांवर कांहीं काटे आले. विरळ, वांकडे, पण काटेच. परात किती तापते हें मला ऐकून ठाऊक होतें. बोटांना त्या दिवशीं कळलें. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते. मीं ते कोणाला दाखविले नाहींत. आईनें मात्र कांहीं न बोलतां थंड पाण्याची वाटी माझ्यापुढें सरकविली.